बेटावरून बेटावर

मुंबईकराला दोन दिवस एखाद्या बेटावर जाऊन शांत पडून राहायचं असतं. आपण बेटावरच राहतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं भराव घालघालून एकमेकांना जोडली, वरळीला हॉर्नबीसाहेबाने बांध घातला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, आणि तेव्हापासून आपल्या चहूबाजूंनी पाणी आहे याची आठवण फक्त जुलैत होते. तीही पाणी चहूबाजू सोडून घरात आल्यावर. कांदिवलीवाल्याने हसू नये. साष्टी हेही बेटच. भिवंडीला जायचं म्हटलं तरी त्याला खाडी ओलांडावी लागते.

मुंबईचं बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मिळालं आणि १६६८ मध्ये त्याने ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. अख्खं बेट, चारी बाजूंनी सी-व्ह्यू, भाडं दहा पौंड. पागडी किती घेतली, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. मुंबईच्या जागेचे व्यवहार तेव्हापासून असेच अर्धे कागदावर आहेत.

तर अशा बेटावर राहणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी लोकलमधून उतरतो आणि घरी येऊन म्हणतो, "कुठेतरी आयलंडवर जाऊ या." त्याच्या डोळ्यांसमोर मालदीव असतं आणि खिशात उरलेला महिना. मग दोन्हींचा मध्य काढला जातो. हा मध्य काढायचं काम आमच्या घरात साडूंकडे आहे. ते लालबागला राहतात, बँकेत नोकरी करतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलींचे मसुदे काढतात.

पहिला प्रस्ताव अलिबागचा होता. अलिबाग बेट नाही, पण मुंबईकर तिथे बोटीने जातो आणि जिथे बोटीने जावं लागतं ते बेट, अशी त्याची समजूत आहे. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. म्हणजे आपण मोटारीत बसायचं, मोटारीने बोटीत बसायचं आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा ट्रॅफिकमध्ये. रस्त्याने जायला तीन तास लागतात तिथे तासाभरात पोचतो, असं लोक सांगतात. दोन तास वाचवून ते चौलच्या रस्त्यावर कसे खर्च करतात, हे सांगत नाहीत. याच मुंबईकराने वर्षानुवर्षं ज्याला त्याला "अलिबागसे आया है क्या?" विचारलं. अलिबागच्या एका माणसाने वैतागून २०१९ मध्ये या वाक्यावर बंदी आणावी म्हणून हायकोर्टात याचिका केली. कोर्टाने ती फेटाळली. फार मनावर घेण्यासारखं नव्हतंच. आता तोच मुंबईकर सोमवारी ऑफिसात उन्हाने भाजलेलं नाक घेऊन येतो आणि कोणी न विचारता सांगतो, "अलिबागसे आया हूँ."

शनिवार-रविवारचे अलिबागचे भाव पाहून साडूंनी प्रस्ताव मागे घेतला. जंजिरा लांब पडला. मढ आयलंडला रस्त्याने जाता येतं, त्यामुळे ते बेट म्हणून बाद झालं. शेवटी एकमताने घारापुरी, म्हणजेच एलिफंटा, ठरलं. एकमत म्हणजे साडूंचं मत आणि बाकीच्यांचे अंगठे.

घारापुरी हे पर्यटकांसाठी फार शिस्तीचं बेट आहे. तिथे मुक्काम करता येत नाही. सकाळी नऊच्या सुमारास पहिली लाँच, साडेपाचच्या आसपास शेवटची परत. म्हणजे ऑफिसच्या वेळेपासून पळून जाणाऱ्या माणसाला हे बेट बरोब्बर ऑफिसचीच वेळ देतं. फक्त इथे लेट मार्क लागला तर अख्खी रात्र काढावी लागेल. आणि साप्ताहिक सुट्टी सोमवारी. लेणी सोमवारी बंद असतात. याचं कारण पुरातत्त्व खात्याला विचारलं तर ते काहीतरी प्रशासकीय सांगतील. मला विचाराल तर शनिवार-रविवार आम्ही येऊन गेल्यावर बेटाला एक दिवस विश्रांती लागते.

रविवारी सकाळी साडू गेटवेवर आले ते चाकांची मोठी बॅग ओढत. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "असू दे, लागतं." दुपारी त्यातून काय काय निघालं ते सांगायचं तर सदर पुरणार नाही, पण इस्त्री नव्हती एवढं नमूद करतो.

गेटवे हा दरवाजा राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधला, तो पुरा झाला १९२४ मध्ये, आणि १९४८ मध्ये शेवटची इंग्रज पलटण त्याच दरवाजातून गेली. तेव्हा तिची झडती झाली नसेल. आपली होते. झडती झाली की पुढचा पल्ला फोटोवाल्यांचा. "सर, ताजसोबत एक, अर्जंट प्रिंट" म्हणत ते मागे लागतात. मोबाइलमध्ये तीनतीन कॅमेरे असलेला माणूस त्यांच्याकडून फोटो काढून घेतो, कारण आपल्या फोटोत आपण येत नाही. ते कागदी पाकिटातला फोटो हातात ठेवतात. त्यात ताज सरळ असतो आणि आपण वाकडे.

लाँचवर पाय ठेवण्यासाठी आधी दुसऱ्या लाँचवर पाय ठेवावा लागतो. दोन-तीन लाँच एकमेकींना बांधून उभ्या असतात, मधली फट लाटेसरशी उघडते, मिटते, आणि खलाशी एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने माणसं उचलत असतो. "या मावशी, बघून, बघू नका खाली, या!" बघून या आणि बघू नका हे दोन्ही हुकूम पाळत माझी सासू पार झाली. साडूंची बॅग मात्र खलाशाने दोनदा बघितली आणि विचारलं, "दादा, राहायला चाललाय?"

खाली बसायचं तर तिकिटात भागतं. वरच्या मजल्यावर वारा आहे, म्हणून वर बसायचे वेगळे पैसे. लाँच सुटल्यावर एक मुलगा वर येऊन ते गोळा करतो. वाऱ्यावर कर लावण्याची ही कल्पना अजून महापालिकेला सुचलेली नाही. त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी हे हळूच लिहितो आहे.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र विनोद सुचत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' लाँचवर आदळली, आणि त्यात लहान मुलांसकट पंधरा जण गेले. त्यानंतर प्रत्येकाला जॅकेट घालायला लावतात. आमच्या लाँचवरही खलाशाने सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेटं चढवली, पट्टे ओढून पाहिले. लाँच दोनशे हात गेली असेल, तोवर निम्म्या मंडळींनी ती काढून मांडीखाली घेतली होती. फोटोत रंग मॅच होत नाही म्हणून. एका ताईंनी मात्र घातलेलं ठेवलं. त्यांचा ड्रेस नारिंगी होता.

पुढचा तासभर बंदर बघायचं. मुंबईच्या बंदरात बेटं आहेत, पण सगळी पाहुण्यांसाठी नाहीत. जवाहर द्वीपावर तेल उतरतं. मिडल ग्राउंड नौदलाकडे आहे. तुर्भ्याच्या बाजूला अणुभट्टीचा घुमट दिसतो, त्याचा फोटो काढायचा नाही असं कोणीतरी बजावतं आणि लगेच सगळे तिकडे वळून फोटो काढतात. तोवर घुमट कोणता ते कोणाला माहीतही नसतं. प्रत्येक लाँचवर एक माहीतगार गृहस्थ असतो. आमच्या लाँचवरचा लाल टोपीतला होता. त्याने जवाहर द्वीप एलिफंटा म्हणून दाखवलं, एलिफंटा न्हावा म्हणून दाखवलं आणि उत्तरेकडचा अटल सेतू पाहून "हा वरळी सी-लिंक" म्हणाला. २१.८ किलोमीटरचा पूल त्याने एका वाक्यात पूर्वेकडून पश्चिमेला नेऊन ठेवला. इतक्या झपाट्याने काम कोणत्याही खात्याने केलेलं नाही.

आणि सीगल. हिवाळ्यात हे पक्षी हजारो मैल उडत इथे येतात आणि मुंबईकर त्यांना गाठी खायला घालतो. त्याची पाकिटं लाँचवरच मिळतात. पक्षी लाँचच्या बरोबरीने उडतो, माणूस हात वर करून गाठी धरतो, बायको रील काढते, पक्षी गाठी उचलतो, माणूस किंचाळतो. पुन्हा, कारण रील नीट आलं नाही. मासे खाणाऱ्या पक्ष्याला चणाडाळीचं तळण कसं मानवतं, हा प्रश्न लाँचवर विचारला तर सगळे तुमच्याकडे शाकाहाराचा अपमान झाल्यासारखे बघतात. साडूंच्या धाकट्याने दोन पाकिटं संपवली. एक पक्ष्यांना आणि एक स्वतः. परतीच्या वाटेवर दोघांपैकी एकाचं पोट बिघडलं. पक्ष्यांची चौकशी कोणी केली नाही.

शेतबंदरला उतरलं की लांबलचक जेटी, आणि तिच्यावरून धावणारी छोटी रेल्वे. चालत जेवढ्या वेळात पोचू त्याहून जास्त वेळ या गाडीच्या रांगेत जातो. पण मुंबईकराला रांग दिसली की तो आधी उभा राहतो, कशाची ते मग विचारतो. आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळून आलेली माणसं रविवारी सुट्टी म्हणून रेल्वेच्या रांगेत उभी होती, आणि खिडकीची जागा मिळावी म्हणून आत रुमाल टाकत होती.

पुढे ग्रामपंचायतीचा प्रवासी कर भरावा लागतो. इथे मुंबईकराला पहिला धक्का बसतो, कारण इथे ग्रामपंचायत आहे. घारापुरी हे रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं गाव आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या, हजार-बाराशे वस्ती. गेटवेपासून दहाएक किलोमीटर. या दहा किलोमीटरच्या पलीकडे, जागतिक वारशाच्या यादीत १९८७ मध्येच नाव लागलेल्या या गावात, चोवीस तासांची वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. म्हणजे कुलाब्याच्या गच्चीवर उभं राहून जो काळोख 'किती रोमँटिक' वाटायचा, तो एका गावाचा होता.

पायऱ्या साधारण एकशेवीस. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री. माळा, टोप्या, दगडी गणपती, की-चेन, म्हणजे कुलाबा कॉजवेवर जे घ्यायचं राहिलं ते सगळं. मुंबईकर इथे घासाघीस करतो ती मुळापासून. मॉलमध्ये पाण्याच्या बाटलीला ऐंशी रुपये देणारा माणूस इथे काकडीच्या फोडीवर मीठ-मिरची जास्त टाकून दर कमी करायला सांगतो. "ताई, गावाकडे फुकट मिळते ही." ताईने त्याच्याकडे बघितलं. "मग गावाला जायचा व्हता ना दादा, हितं कशाला आलाव?" साडूंनी दोन घेतल्या. बॅग चाकांवर पायऱ्या चढत नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. शेजारून डोलीवाल्यांनी विचारलं, "काका, बसता?" साडू म्हणाले, "मी नाही, बॅगेचे किती?"

वाटेत डोक्यावर चकचकीत कळश्या रचून दोन बायका उभ्या असतात. त्यांच्यासोबत फोटो काढायचे पैसे द्यायचे. पर्यटकांना हे फार भावतं. अस्सल ग्रामजीवन, शिवाय बॅकग्राउंडला झाडं. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं जिथे पाण्यापलीकडे आहे, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही ओढ लागते, त्या गावच्या बाईने हंडा-कळशीतून काही कमाई व्हावी अशी युक्ती काढली तर ती मला या बेटावरची सर्वांत हुशार व्यक्ती वाटते. पाणी आणायला शासन पैसे देत नाही. पाणी आणल्याचा अभिनय केला तर मुंबईकर देतो. साडूंच्या मोठीने फोटोसाठी एक कळशी डोक्यावर घेऊन पाहिली. ती रिकामी होती. तरी तिची मान अवघडली.

वर लेण्याचं तिकीट चाळीस रुपये. परदेशी माणसाला सहाशे. आत जाताच गार होतं, आणि दोन मिनिटं सगळे गप्प बसतात. एवढ्यासाठी तरी चाळीस रुपये वसूल. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी अख्खा डोंगर आतून कोरून देऊळ काढलं. खांब आधी उभे करून छत घातलं नाही. जे नको ते काढत गेले आणि खांब उरले. समोरच्या भिंतीत वीसेक फूट उंच तीन मुखं. मधलं शांत, डोळे मिटलेलं. एका बाजूचं उग्र, मिशा आणि वळवळणारा साप. दुसऱ्या बाजूचं कोवळं, हातात कमळ. साडू म्हणाले, "ब्रह्मा, विष्णू, महेश." लाल टोपीवाले मागून म्हणाले, "दत्त." अभ्यासक म्हणतात की तिन्ही मुखं शिवाचीच, हा सदाशिव. त्यांनी हे कितीही लिहिलं तरी दर रविवारी या मूर्तीसमोर नव्याने मतदान होतं.

मला तिथलं रावणाचं शिल्प आवडतं. शंकर-पार्वती कैलासावर निवांत बसलेली, आणि खालून रावण अख्खा पर्वत गदागदा हलवतोय. कोणाचा तरी निवांतपणा उधळून लावायला न बोलावता आलेल्या पाहुण्याचं यापेक्षा जुनं चित्र मी पाहिलेलं नाही. शंकराने पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून त्याचा बंदोबस्त केला. घारापुरीकरांना ती सोय नाही.

बरीच शिल्पं गुडघ्याखाली, कोपरापुढे तुटलेली आहेत. पोर्तुगीजांनी इथे नेमबाजी केली असं सांगतात. इथला एक शिलालेखही त्यांनी पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे कायमचा गहाळ झाला. त्यामुळे हे लेणं कोणी कोरलं यावर पंडितांत अजून वाद आहे. पुढच्या पंडितांवर अशी वेळ येऊ नये म्हणून आपली मुलं जबाबदारीने लिहून ठेवतात. बाहेरच्या एका दगडावर बाण मारलेलं बदाम, आत दोन नावं आणि साल, असा ठसठशीत लेख मी पाहिला. राजाचं नाव गेलं, यांचं राहणार.

जेवायला बाहेर आलो तर माकडं वाट पाहत होती. या माकडांना थंड पेयाच्या बाटलीचं झाकण फिरवून उघडता येतं, आणि कोणती बाटली पाण्याची हे लांबून कळतं. पाण्याची ती घेत नाहीत. साडूंनी बॅग उघडली. आतून चटई, थेपले, ब्लूटूथ स्पीकर, पोर्टेबल पंखा आणि रविवारचं वर्तमानपत्र निघालं. पाच मिनिटांत थेपले गेले. माकडाने पेपर उघडून पाहिला, हे सदर असलेलं पान वेगळं काढलं आणि त्यावर बसलं. वाचकांचा प्रतिसाद इतका थेट मला प्रथमच मिळाला.

मग स्पीकर लागला. बेटावर आणखी चार स्पीकर होते. समुद्राचा आवाज ऐकायचा असेल तर कुठे जावं लागेल, असं मी शेजारच्या सरबतवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सोमवारी या."

वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या तोफा आहेत, तिथून न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. तिथे जायचं ठरलं होतं, पण साडूंनी घड्याळ बघितलं. साडेतीन. त्यांच्या मते "लवकर निघालेलं बरं, गर्दी होते." हा विचार एकाच वेळी बेटावरच्या प्रत्येक मुंबईकराच्या डोक्यात येतो, म्हणून गर्दी होते. विश्रांतीसाठी आलेला सगळा समाज पाठीवर पिशव्या घेऊन पायऱ्या उतरत होता, जेटीवर धक्के देत होता, आणि लाँच धक्क्याला लागायच्या आधीच "आत सरका, आत सरका" ओरडत होता. आत सरकायला समुद्र होता.

परतीच्या लाँचवर धाकट्याने विचारलं, "बाबा, एलिफंटाला एलिफंट कुठे होता?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दिवसभर सत्तर-ऐंशी फोटो काढले होते, त्यांत माकडं होती, सीगल होते, कळश्या होत्या. हत्ती नव्हता. लाल टोपीवाले म्हणाले, "तो सर्कसमध्ये नेला." आश्चर्य म्हणजे दिवसभरातलं त्यांचं हे विधान सत्याच्या सर्वांत जवळ होतं. राजबंदरच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा केलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. क्रेनने उचलताना खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. इंग्लंड राहिलं, तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले, पुढे १९१४ मध्ये सांधून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे हत्ती बेटावरून मुंबईला आला आणि मुंबई त्याला बघायला बेटावर जाते.

साडूंनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं. लालबागच्या त्यांच्या घरापासून ती बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यांनी फोन काढला, ग्रुपवर पुढच्या रविवारचा मसुदा टाकायला घेतला, आणि अर्ध्यात थांबून मला विचारलं, "तिकडे लाँच कुठून सुटते?"